माळरान राखायला घेतलंय? या चुका टाळा

गायरान राखायला निघालेल्या ग्रामपंचायती, तरुण मंडळं, संस्था यांचे फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: "झाडं कोणती लावू?" माळ कुणी पायी फिरून पाहिलेला नसतो, गवतं कुणी ओळखलेली नसतात, पण जेसीबी सांगून झालेला असतो. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यात पाऊस जेमतेम 500 मिलिमीटर, वर वीतभर माती आणि खाली मुरूम. तिथे शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवतं शतकानुशतकं टिकली आहेत. चिंकारा हरीण, खोकड म्हणजे माळावरचा लहान कोल्हा, लांडगा, आणि धाविक, चंडोल यांसारखे पक्षी हे सगळे त्या गवताच्या जिवावर जगतात. सरकारी कागदावर हीच जमीन 'पडीक' असते, आणि पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथे आहे.

खड्डे आणि जाळी

ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता तिच्याबद्दल शांतपणे बोलणं जड जातं.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावात चांगलं गवत असलेलं गायरान होतं. एका कंपनीचा निधी आला. 5 जूनला, पर्यावरण दिनाला, फोटो हवे होते, म्हणून मे महिन्यात यंत्राने ओळीत खड्डे मारले, मधे सलग समतल चर खणले आणि भोवती साखळीची जाळी ठोकली. वड, कडुनिंब, गिरिपुष्प अशी रोपं लागली. खड्ड्यांतला मुरूम वर आला आणि आजूबाजूच्या गवताच्या ठोंबांवर पसरला. त्या मुरमावर गवत पुन्हा धरलं नाही. तिथे तरवड आला, गाजरगवत आलं, वेडी बाभूळ आली. टँकर बंद झाला तसे वड वाळले. उरलं ते गिरिपुष्प, आणि त्याच्या सावलीत गवत नाही.

जाळीने त्याहून वाईट केलं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 5.14 चौरस किलोमीटर, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य 2.17 चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत हरणांचं भागत नाही, ती भोवतालच्या माळांवर आणि पडीक रानांवर चरतात. या गावातही चिंकाऱ्यांची येण्याजाण्याची वाट गायरानातूनच होती. जाळी लागल्यावर काही महिन्यांनी मी गेलो, तर जाळीच्या आतल्या बाजूने खुरांनी तुडवलेली नवी वाट पडली होती. बाहेर पडायला फट शोधत जनावर इकडून तिकडे फिरलं होतं. कोपऱ्यात तारेला बदामी केस चिकटले होते आणि खाली मादीचा सांगाडा. कुत्र्यांनी जाळीखाली माती उकरून आत यायला भोक केलं होतं. त्यांना आत येता आलं, तिला बाहेर जाता आलं नाही. शेजारच्या वाड्यावरचे, म्हणजे मेंढरांच्या तळावरचे, म्हातारे मेंढपाळ म्हणाले, "सायेब, आमी हितनं मेंढरं नेताना ती लांब उभी राहून बगायची. आमचं कधी तिला भ्या वाटलं न्हाई."

आता मी सांगतो ते असं. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, हद्दीचे दगड रोवा. कुंपण लागतंच असेल, तर फक्त जिथे शेताला उपद्रव होतो तिथे. रचलेला कोरडा दगडी बांध सगळ्यात उत्तम. सिमेंट भरू नका, त्या फटींत सरडे, साप, मुंगूस राहतात. नाहीतर बोराटीच्या फांद्यांचं काटेरी कुंपण, ते दरवर्षी नव्याने घालायचं. ते कष्टाचं आहे हे मला मान्य आहे, पण ज्यांना वर्षातून एकदा काटे ओढायचा कंटाळा येतो त्यांनी माळ राखायला घेऊ नये. तार ओढायचीच, तर सर्वांत खालची तार बिनकाट्याची ठेवा आणि जमिनीपासून हातभर वर, म्हणजे चिंकारा खालून निघून जाईल.

चराई कायमची बंद करणे

दुसरी लाडकी चूक. कुऱ्हाडबंदीसोबत चराईबंदीचा ठराव होतो आणि सगळे समाधानी होतात. पहिली दोन वर्षं गवत कमरेएवढं वाढतं, फोटो छान येतात. मग वाळकं गवत थरावर थर साचतं, खालच्या कोंबाला ऊन मिळत नाही, आणि होळीच्या सुमाराला एक काडी पडली की सगळा माळ जातो. धाविक आणि माळटिटवी उघड्या, आखूड गवताच्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांना कमरेएवढं गवत काय कामाचं?

उलट टोकही तितकंच वाईट. पहिल्या पावसावर फुटलेला कोंब मेंढराने खुडला की ठोंब मुळातल्या साठ्यावर पुन्हा फुटतो. असं दोनतीनदा झालं की ठोंब मरतो. मग उरतात जनावर तोंड लावत नाही अशी झुडपं.

माझी सवय अशी: माळाचे तीन-चार पट्टे पाडायचे. एक पट्टा जूनपासून बी झडेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, पूर्ण बंद. बाकीचे पोटऱ्या झाकतील इतकं गवत आल्यावर आळीपाळीने उघडायचे. पुढच्या वर्षी बंद पट्टा बदलायचा. कुसळी हे टोकदार कुसळाचं गवत जास्त असलेला पट्टा फुलोऱ्याआधी चारून घ्या. कुसळ तयार झालं की ते लोकरीतून कातडीत घुसतं आणि मेंढपाळ तिकडे फिरकत नाहीत. हेच कुसळ ओल लागली की पीळ सोडत स्वतःला मातीत रुजवतं, म्हणून कुसळीचं बी झडू दिलंत तर पुढच्या वर्षी तीच वाढलेली दिसेल.

पट्ट्यांचा निर्णय मेंढपाळांना बसवून घ्या. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे वाडे कधी निघणार, कधी परतणार हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांना न विचारता केलेला ठराव पहिल्या रात्रीच मोडतो.

कापणी विळ्याने, चार बोटं बुडखा ठेवून. सगळा माळ एकदम साफ करू नका. भोवत्या हे शिकारी पक्षी हिवाळ्यात गवतातच रात्र काढतात, त्यांच्यासाठी उंच गवताचे तुकडे सोडा.

बाकीच्या थोडक्यात.

जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, मार्चमध्ये काढायला घेणं म्हणजे उशीर. जानेवारीतच काढा, आणि "जाळलं की गवत जोमानं येतं" असं सांगणाऱ्याला खोकडाची बिळं दाखवा.

पाणवठ्याला उभ्या भिंती नकोत. एका बाजूला उतार ठेवा, नाहीतर पिल्लं बुडतात.

गाडी माळावर घालू नका. अंडी मातीच्या रंगाची असतात, चाकाखाली गेलेली कळतही नाहीत.

कुत्र्यांकडे दुर्लक्ष नको. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलं आहे, शिवाय कुत्र्यांचे रोग खोकडात जातात. गावातली आणि वाड्यांवरची कुत्री, सगळ्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस टोचून घ्या.

आणि वेडी बाभूळ जमिनीलगत तोडून काम झालं असं समजू नका, ती दुप्पट फुटते. जमीन ओली असताना बुडख्याभोवती खणा आणि वीतभर खालून मुळासकट काढा. शेंगा मेंढ्या खातात आणि लेंड्यांतून बी सगळीकडे जातं, म्हणून शेंगा पिकायच्या आत हे उरकायचं, आणि पुढची दोन वर्षं त्याच जागी जाऊन नवी रोपं हाताने उपटायची.