एथाम्ब्युटॉलने गेलेली नजर परत येईल का? ओसीटी असं वाचा

टीबीच्या गोळ्या सुरू होऊन दोन-चार महिने झालेत, दोन्ही डोळ्यांना मधोमध धूसर दिसतंय आणि दुखत काहीच नाही, अशी तक्रार आली की एथाम्ब्युटॉल (टीबीच्या गोळ्यांतलं, नजरेला इजा करू शकणारं औषध) थांबवण्याचं काम त्याच दिवशी व्हायला हवं. ओसीटीची (डोळ्याच्या पडद्याचे थर मोजणाऱ्या स्कॅनची) वाट पाहू नका. पण पेशंटला ‘गोळ्या बंद करा’ एवढंच सांगून पाठवू नका. एकाच गोळीत तीन-चार औषधं असतात (एथाम्ब्युटॉल २७५ मिग्रॅ), ती सोडली की टीबीचा उपचारच तुटतो. उपचार देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून बाकीची औषधं सुटी लिहून घ्या. क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघा: हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर नेहमीचा डोसही जास्त होतो.

स्कॅनआधी नजर, फील्ड (आजूबाजूचं किती दिसतं) आणि इशिहारा (रंग ओळखण्याची ठिपक्यांची पानं) नोंदवा. अंक वाचता येत नसतील तर वळणदार रेघेची पानं बोटाने गिरवून घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक पेशंटना मराठी अक्षरांऐवजी इंग्रजी ‘E’चं तोंड कुठे आहे ते दाखवायचा तक्ता द्या. यंत्रमागावर काम करणाऱ्याला लाल सूत फिकं दिसतंय का, हे जरूर विचारा.

स्कॅन दोन हवेत, डिस्कचा (डोळ्याची नस जिथून निघते ती जागा) आणि मॅक्युलाचा (पडद्याचा मधला भाग). सिरस या ओसीटी यंत्रावर सिग्नल १० पैकी ६ च्या खाली असेल तर कृत्रिम अश्रूंचा थेंब घालून पुन्हा घ्या. खरी गडबड वेगळीच होते: मधलंच दिसत नसल्याने पेशंटला यंत्रातली खूण सापडत नाही, स्कॅन सरकतो आणि थर खोटाच पातळ दिसतो. चौकट मॅक्युलाच्या खड्ड्यावर आहे ना, थरांच्या रेषा नीट पडल्यात ना, हे पाहूनच रिपोर्ट छापा.

आता वाचन. डिस्कभोवतीचा चेतातंतूंचा थर सुरुवातीला रिपोर्टवर हिरवा (म्हणजे नॉर्मल), कधी सुजेमुळे जाडही दिसतो. त्या हिरव्यावर विसंबू नका. भरवसा मॅक्युलातल्या गँग्लियन थरावर (मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशींच्या थरावर) ठेवा. मोठ्या माणसात सिरसवर त्याची सरासरी साधारण ८० मायक्रॉन. नजर ६/६० इतकी कमी, पण थर ८० च्या आसपास असेल तर पेशी अजून जिवंत आहेत. औषध थांबल्यावर काही महिन्यांत नजर सुधारण्याची आशा चांगली. थर ६० च्या घरात आणि डिस्कची कानशिलाकडची बाजू रिपोर्टवर लाल (म्हणजे नॉर्मलपेक्षा पातळ) असेल तर मधली नजर पुरती भरून येणं अवघड. हे अंदाज आहेत, निकाल नव्हे. जास्त मायनस नंबरच्या डोळ्यात लाल रंग उगाचही येतो.

पुढे १, ३ आणि ६ महिन्यांनी त्याच यंत्रावर स्कॅन करा. ४-५ मायक्रॉनपर्यंतचा फरक मोजमापाचाच असू शकतो. नजर वाढतेय आणि डिस्कभोवतीचा जाड थर उतरतोय, तर ती सूज ओसरतेय. औषध थांबवूनही सहा आठवड्यांनी नजर घसरतच असेल तर आयसोनियाझिड, लिनेझोलिड (टीबीचीच दुसरी औषधं), बी-१२ची कमतरता आणि तंबाखूकडे लक्ष द्या. एकच डोळा बिघडला किंवा फील्ड दोन्ही बाहेरच्या बाजूंना कापलं असेल, तर एमआरआय करा.