उद्यानातील बार्बेक्यू : या चुका टाळा

उद्यानात बार्बेक्यूचा बेत आखणारी मंडळी काय काय भाजायचे यावर आठवडाभर खल करतात. तिथे शेगडी पेटवू देतात की नाही, हे मात्र फाटकावरच्या फलकापाशी पोहोचल्यावरच त्यांना कळते. काही उद्यानांत ठरावीक जागीच चूल चालते, काही ठिकाणी आधी नोंदणी करावी लागते आणि कोरड्या दिवसांत आगीच्या भीतीने अचानक बंदीही येते. म्हणून मी बेत ठरवताना आणि पुन्हा आदल्या दिवशी, अशी दोनदा चौकशी करतो.

दुसरी चूक उतावळेपणाची. कोळसा फुलायला वीस ते तीस मिनिटे लागतात. ज्वाळा शमून त्यावर करडी राख धरेपर्यंत जाळीवर काहीही ठेवले, तरी ते बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. एवढाही धीर नसलेले नवशिके थेट पेट्रोल ओततात, त्यांच्याजवळ मी उभासुद्धा राहत नाही. खाली कागद पेटवून वर कोळसा भरायचे पत्र्याचे नळकांडे मी वापरतो आणि पाहुण्यांना मुद्दाम तासभर उशिराची वेळ देतो, म्हणजे डोक्यावर उभे राहून “झाले का?” असे विचारणारे कोणी नसते.

मला सर्वाधिक चीड मात्र निखाऱ्यांवर माती लोटून निघून जाण्याची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच गटातील एका उत्साही गृहस्थांनी शेगडी जमिनीवर रिकामी केली, वर माती पसरली आणि हात झटकले. मलाही ते ठीकच वाटले, हे कबूल करतो. तासाभराने शेजारच्या चटईवरचे एक मूल चेंडूमागे अनवाणी धावत आले आणि नेमके तिथेच त्याचा पाय पडला. त्याचा भाजलेला तळपाय आम्ही वीस मिनिटे वाहत्या नळाखाली धरला होता. त्याच्या आईकडे पाहण्याची मात्र आमची कोणाचीच हिंमत झाली नाही. मातीखाली निखारा दिसत नाही, पण त्याची धग कित्येक तास टिकते. तेव्हापासून पाण्याचे दोन कॅन मी केवळ यासाठीच नेतो. निघण्याच्या तासभर आधी नवा कोळसा घालणे थांबवतो, वाफ अंगावर येऊ नये म्हणून वारा पाठीमागून येईल असा उभा राहून हळूहळू पाणी ओततो, निखारे ढवळतो, पुन्हा ओततो आणि मगच ते झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरतो. उद्यानातील प्लास्टिकच्या कचरापेटीत राख टाकणाऱ्यांनी तिच्यातून धूर निघताना एकदा पाहायला हवा.

बाकीचे थोडक्यात. कच्च्या आणि शिजलेल्या मांसासाठी एकच चिमटा वापरू नये. कोंबडी शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नये. आतले तापमान 74 अंश सेल्सिअसपर्यंत गेलेच पाहिजे. नाशवंत पदार्थ दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नयेत आणि हवा 32 अंशांहून उष्ण असेल, तर एकच तास. झुकलेल्या फांद्यांखाली शेगडी मांडू नये.

पाऊस आला म्हणून पेटती शेगडी तंबूत नेणे तर जिवावर बेतते, कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. धुमसती शेगडी गाडीत ठेवणेही तितकेच घातक आहे. ती गार झाली नसेल, तर मी उघड्यावर तिच्याशेजारी बसून राहतो, मग घरी पोहोचायला कितीही उशीर होवो.