टेकडी उतरताना ब्रेकच्या या चुका टाळा

"पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील." सायकल शिकताना हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. सांगणाऱ्याला काळजी असायची, हे खरं. पण तेच वाक्य मनात धरून माणसं ४० हजारांची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, घेतात आणि पुण्यातल्या वेताळ टेकडीचा मुरमाड उतार फक्त मागच्या ब्रेकवर उतरायला निघतात. नवख्यांना टेकडीवर नेताना मी जेवढी सोललेली कोपरं धुतली, त्यातली निम्म्याहून जास्त या एका समजुतीपायी सोललेली होती.

एसटीनं ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात. सायकलीवर तुमच्या वजनाचंही तेच होतं. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर जातो, ते जमिनीत दाबलं जातं आणि त्याची पकड वाढते. मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं. उतारावर तर भार आधीच पुढे असतो, म्हणून मागच्या चाकाकडे पकड अशी फारशी उरतच नाही. तिथे जोरात दाबलं की ते लॉक होतं आणि घसरायला लागतं. फिरणाऱ्या टायरपेक्षा घसरणाऱ्या टायरची पकड कमी असते, म्हणजे अजून जोरात दाबून काहीच मिळत नाही. सायकल थांबत नाही, फक्त मागची बाजू आडवी व्हायला लागते.

एका ऑक्टोबरात आम्ही चौघं पाषाणच्या बाजूनं टेकडी उतरत होतो. सोबत इंजिनिअरिंगचा एक मुलगा होता. सायकल नवी, हायड्रॉलिक डिस्क (चाकाच्या मधल्या चकतीला तेलाच्या दाबानं धरणारा ब्रेक), टायर उत्तम. उतरण्याआधी सपाटीवर दहा मिनिटं ब्रेकचा सराव कर म्हटलं, तर म्हणाला, "दादा, मला येतं." पाऊस संपून मुरूम नुकता सुटा झाला होता. पहिल्याच उभ्या टप्प्यावर, जिथे नेहमी घसारा असतो, त्याचं मागचं चाक लॉक झालं. सायकल डावीकडे आडवी व्हायला लागली तसा तो घाबरला आणि मागचा ब्रेक आणखी आवळला. मी मागून ओरडत होतो, "पुढचा! हळू, पुढचा!" पण तोपर्यंत तो वाट सोडून गिरिपुष्पाच्या खोडावर खांद्यानं आदळला होता. गळपट्टीचं हाड मोडलं आणि सहा आठवडे हात झोळीत राहिला. त्याला उठवून बसवलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, ब्रेक लागलाच नाही." ब्रेक पूर्ण लागला होता. चाक गच्च थांबलेलं होतं, म्हणून तर तो पडला.

वाटेवर त्याच्या टायरनं लांब चर पाडला होता. हेही लक्षात ठेवा. टेकडीच्या वाटेवर पडलेल्या चरातून पुढच्या पावसाळ्यात पाणी वाहतं, मुरूम वाहून जातो आणि दोन-तीन वर्षांत तिथे घळ तयार होते. मागचं चाक घसरवत धूळ उडवणारे व्हिडिओ बघून मुलं मुद्दाम तसं करतात. ती टेकडी सकाळी चालायला येणाऱ्या आजी-आजोबांचीही आहे. मला या प्रकाराची मनापासून चीड येते.

यावर माझा उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. मोकळं मैदान, पळण्याइतका वेग आणि फक्त पुढचा ब्रेक. एका बोटानं, लिंबू पिळतो तसा, हळूहळू वाढवत. पेडल आडवी, टाचा खाली, कोपरं वाकलेली, कंबर सीटच्या थोडी मागे. माणूस हँडलवरून उलटतो तो वजन वर आणि पुढे ठेवून, हात सैल सोडून, एकदम लिव्हर खेचली तर. टाचा खाली दाबून बसवलेला माणूस सहसा उलटत नाही. पुढचा जमला की मग मागचा जोडीला घ्यायचा. याला तीन-चार रविवार लागतात. दहा मिनिटांत शिकवा म्हणणाऱ्यांना मी टेकडीवर नेत नाही.

त्याआधी कुठला ब्रेक कुठल्या हाताला आहे ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना मोटरसायकलसारखा उजव्या हाताला पुढचा असतो, पण काही सायकलींना उलटा असतो. मित्राची सायकल घेतली की आधी उभ्या उभ्या तपासायचं.

दुसरी चूक वळणातली. नवखा माणूस वळणात शिरतो, वेग जास्त आहे हे आत गेल्यावर कळतं, आणि तिथेच ब्रेक दाबतो. टायरची पकड म्हणजे ताटातली एकच भाकरी आहे. अर्धी ब्रेकनं खाल्ली तर वळायला अर्धीच उरते, आणि मुरमावर ती भाकरी मुळातच लहान. म्हणून सायकल सरळ उभी असतानाच, वळणाच्या आधी, जेवढा वेग कमी करायचा तेवढा करा. मग बोटं सैल सोडा आणि नजर वळणाच्या पलीकडे लावा. आत शिरल्यावर अगदीच गरज पडली तर मागचा, तोही नुसता टेकवल्यासारखा.

आता सिंहगडाची गोष्ट. पायथ्यापासून वाहनतळापर्यंतचा घाट साधारण ६०० मीटर उंची चढतो. माणूस, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ८५ किलो धरा. ते सगळं खाली आणताना सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी उकळतं. मोकळं सोडलं तर यातला मोठा भाग वाऱ्याच्या विरोधात खर्च होतो. पण जो भीतीनं दोन्ही ब्रेक हलके दाबून सगळा घाट रांगत उतरतो, त्याची जवळजवळ सगळी उष्णता तळहाताएवढ्या दोन पातळ डिस्कमध्ये शिरते, आणि तिला थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

आमच्या गटातले एक काका असेच उतरले. रोज ३० किलोमीटर सायकल चालवणारा दणकट माणूस, पण उताराची धास्ती. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला. त्यांना वाटलं जवळून गेलेल्या टेम्पोचा क्लच असेल. पुढच्या वळणाआधी लिव्हर दाबली तर ती थेट हँडलला टेकली. आतलं तेल उकळून त्यात बुडबुडे झाले होते, आणि बुडबुडे दाबले जातात, ब्रेक दाबत नाहीत. त्यांनी प्रसंगावधान राखून सायकल डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली आणि गुडघ्यावर निभावलं. दरीची बाजू असती तर काय, हा विचार मी आजही करत नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. ब्रेक थोडा वेळ पण ठाम दाबायचा, मग पूर्ण सोडायचा, चाकाला वारा खाऊ द्यायचा. वळणांच्या मधल्या सरळ भागात बोट लिव्हरवर असतं, पण दाब नसतो. घाटाच्या मध्यावर पाच मिनिटं थांबायचं, घाई असली तरी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही, ती वाकडी होऊ शकते. बोट लावून बघायचं तर मुळीच नाही. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला धरणारा ब्रेक, असेल तर जास्त जपा. तिथे रिम तापते आणि लांब उतारावर आतली ट्यूब फुटल्याचं मी बघितलं आहे.

ब्रेक कमी पडतात म्हणून महागडा सेट विकत घेणं हा त्यावरचा उपाय नाही. चार पिस्टनचे, म्हणजे जास्त जोरानं धरणारे, ब्रेक चांगलेच असतात, पण चुकीच्या बोटांना ते चूक लवकर करायला मदत करतात.

चेनला तेलाचा स्प्रे मारताना डिस्कवर फवारा उडवणारे दर महिन्याला एक तरी भेटतात. दुसऱ्या दिवशी ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. तेल थेंबथेंब घाला, जादाचं फडक्यानं पुसा. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ होते, पण डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारे पॅड तेल प्यायले तर मी ते सरळ टाकून देतो. ते घासून किंवा गॅसवर भाजून पुन्हा लावणारे आहेत, माझा त्यावर विश्वास नाही. नवे पॅड लावल्यावर सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक न करता, चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा कमी करत आणा. त्याशिवाय ते नीट धरत नाहीत. नवे पॅड टाकून थेट घाटात जाऊ नका.

चार बोटांनी लिव्हर धरू नका, मग हँडल कोण धरणार? लिव्हर आत सरकवून अशी बसवा की तर्जनी तिच्या टोकावर पडेल.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोनपैकी एका प्रकारचं तेल असतं; मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड कधीही घालू नका, आतली सगळी रबरं जातात.

गाडीत सायकल घालताना चाक काढलं असेल तर लिव्हर दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जात नाही.

आणि पॅड बघत जा. काळ्या पाषाणाचा चिखल पावसाळ्यात पॅड किती भराभर खातो, याचा अंदाज नवख्यांना नसतो. मी शनिवारी रात्री टॉर्च घेऊन कॅलिपरच्या, म्हणजे पॅड बसतात त्या भागाच्या, फटीतून बघतो. पत्र्यावरचा थर अर्धा मिलीमीटर उरला की ते पॅड जातात, आणि नवा जोड कायम सीटखालच्या पिशवीत असतो.