घरातच मेथी-कोथमीर: माती फेकायची नाही आणि पीक म्हातारं होऊ द्यायचं नाही

जून लागला की बेळगावात गॅलरीतल्या कुंड्यांचं काय होतंय ते सांगायला नको, पार सप्टेंबरपर्यंत नुसतं भिजणं आणि कुजणं, आणि गणपत गल्लीत कोथमिरीचा भाव विचारायची सोय राहत नाही. म्हणून मी सगळं आत खिडकीपाशी आणलं.

पहिलं माती. दोन बादल्या लाल माती, एक बादली गांडूळ खत, एक बादली भाताचं तूस (राईस मिलमधे पोत्यानं मिळतंय, नसलं तर कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि दोन मुठी निंबोळी पेंड. बैलहोंगलकडची काळी माती शेतात सोनं असेल पण क्रेटमधे नको, पाणी धरून बसते आणि वाळली की भेगा पडतात. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा झाला पाहिजे, पाणी गळायला नको, एवढंच ओलं करून गोणपाटाखाली पंधरा-वीस दिवस मुरवा. क्रेट सहा इंच तरी खोल घ्या.

मग जीवामृत, म्हणजे मातीतले चांगले जिवाणू वाढवणारं आंबवलेलं पातळ खत. घरापुरतं 2 लिटर पाण्यात 100 ग्रॅम ताजं शेण, 100 मिली गोमूत्र, 20 ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन, आणि झाडाखालची चिमूटभर माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवून रोज काठीनं ढवळायचं, दहापट पाणी घालून पंधरा दिवसातनं एकदा द्यायचं. बाहेर ठेवा ओ, मी हॉलमधे ठेवलं आणि घरातल्यांनी मलाच बाहेर काढायचं बाकी ठेवलं होतं! नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवून वापरा, त्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतंय.

आता पेरणी. आपण काय करतो, अजून वाढेल अजून वाढेल म्हणत कोथमीर ठेवतो, ती फुलावर जाते, पानं बारीक होतात आणि जागा अडते ती वेगळीच. मेथी 25-30 दिवसांत कापली तर त्याच क्रेटमधे तीन महिन्यांत तीनदा निघते की. कोथमिरीला 40-45 दिवस धरा, धने लाटण्यानं फोडून दोन भाग करा आणि रात्रभर भिजवा. सगळे क्रेट एकदम पेरू नका, दर रविवारी एक. ढगाळ दिवसांत फुल स्पेक्ट्रम एलईडी (उन्हासारखा उजेड देणारा दिवा) रोपांच्या वर वीतभर उंचीवर, रोज 12-14 तास, टायमर लावला की लक्षात ठेवायला नको.

काढताना उपटायचं नाही, मातीलगत कात्रीनं कापायचं. मेथीच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जिवाणू असतात, मुळं आत कुजली की ते खत पुढच्या पिकाला, म्हणून मी मेथीमागं कोथमीर लावते. खणायचं नाही, वर दोन मुठी गांडूळ खत पसरायचं, बी टाकायचं, रोपं वर आली की उसाचा पाला बारीक करून पातळ पसरायचा.

चिलटं दिसली तर पाणी जास्त झालंय, वरची माती बोटभर सुकेपर्यंत थांबा.