ग्रँड एक्सचेंजवर नफा दिसतो, पण हाती येत नाही? या चुका टाळा

ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन खेळात ग्रँड एक्सचेंजवर, म्हणजे खेळातल्या बाजारात, फ्लिपिंग (माल घेऊन पुन्हा विकून नफा काढणं) करणाऱ्यांची ठरलेली तक्रार: स्वस्तात घेतलं, महागात विकलं, तरी शिल्लक कमीच. बहुतेक वेळा गोची करात असते. डिसेंबर 2021 मध्ये विक्रीकर आला तेव्हा तो 1 टक्का होता. मे 2025 मध्ये 2 टक्के झाला. जुने व्हिडिओ बघून शिकलेले अजून 1 टक्काच धरतात. 1,000 जीपीला (जीपी म्हणजे खेळातलं चलन) घेतलेली वस्तू 1,015 ला विकली तर 20 जीपी कर कापला जातो आणि हातात 995 पडतात. नुसतं मुद्दल सुटायलाच 1,020 चा भाव मिळायला हवा. एका नगावरचा कर 50 लाखांच्या वर जात नाही, त्यामुळे 25 कोटींच्या पुढच्या मालाचं गणित थोडं सोपं होतं. पण तेवढं भांडवल असलेला माणूस हा लेख वाचत नसणार!

ऑफर अडकून पडलीय?

आधी बघा, तुम्ही गाइड प्राइसवर, म्हणजे एक्सचेंज दाखवतं त्या भावावर, विसंबलात का. तो आकडा झालेल्या व्यवहारांवरून सावकाश सरकतो. भाव वेगाने हलत असेल तेव्हा तो मागेच राहतो. या खेळाच्या विकीवर मिळणारे ताजे भाव बघा. तिथे दोन आकडे असतात: लगेच घ्यायचं असेल तर लागणारा आणि लगेच विकायचं असेल तर मिळणारा. कमाई या दोहोंमधल्या फरकातूनच होते, आणि करही त्यातूनच जातो.

ऑफर अर्धी भरून थांबली असेल तर मात्र कारण वेगळं. प्रत्येक वस्तूला दर चार तासांची खरेदी-मर्यादा आहे. रून प्लेटबॉडी या चिलखताला ती 70 नगांची. मर्यादा संपली की खरेदी थांबते. तेव्हा भाव वाढवून काहीच होत नाही, चार तास संपू द्यायचे. हे माहीत नसल्याने लोक उगाच दोन-तीनदा भाव चढवतात आणि पुढचा माल महाग पाडून घेतात.

भाव कुठवर पडेल, हे न बघता खरेदी

इथे पुष्कळ वस्तूंचा तळ खेळच ठरवतो. रून प्लेटबॉडीच घ्या. मॅजिक कौशल्याची 55 वी पातळी गाठलेला कुणीही तिच्यावर हाय अल्केमी (वस्तूचे जीपी करणारा मंत्र) करून 39,000 जीपी काढतो. खर्च एका नेचर रूनचा (रून म्हणजे मंत्रात खर्ची पडणारा दगड). फायर स्टाफ हातात असला तर फायर रूनही लागत नाहीत. म्हणजे 39,000 वजा नेचर रूनचा भाव, या रेषेच्या फार खाली ती टिकत नाही, कारण खाली घसरली की हाय अल्केमी करणारे माल उचलतात. बॉसकडून (मारल्यावर माल देणाऱ्या बड्या शत्रूंकडून) आवक कितीही वाढो. पण रेषेच्या वरही तिला फारसा उठाव नाही. ‘स्वस्त आहे, पुढे चढेल’ म्हणून बँकेत बॉड्या साठवणारा नुसताच बसून राहतो. गंमत अशी, की नेचर रून महागली की बॉडी तेवढी उतरते, आणि लोक कारण शोधतात भलतीकडेच.

या उलट ट्विस्टेड बो हे महागडं धनुष्य. ड्रॅगनची हाडं प्रेयर कौशल्य वाढवायला वापरली की संपतात, म्हणून त्यांना रोज गिऱ्हाईक असतं. बो झिजत नाही, संपतही नाही. रेड (बॉसविरुद्धची मोठी मोहीम) करणारे नवनवे आणतच राहतात. खेळ बनवणारी कंपनी जॅगेक्स कराच्या पैशांतला काही भाग वापरून असा महाग माल बाजारातून विकत घेऊन नष्ट करते, ते याचसाठी. घेण्याआधी एवढंच विचारा: ही वस्तू खेळात येते कुठून आणि खेळातून जाते कशी?

बुधवारच्या अपडेटनंतर धावणं

नवा बॉस किंवा नवं शस्त्र एकाएकी येत नाही. प्रस्ताव आधी जाहीर होतात, खेळाडू मत देतात, 70 टक्के लागतात. जाणकारांनी खरेदी तेव्हाच उरकलेली असते. अपडेटच्या दिवशी घेणं म्हणजे वरातीमागून घोडं. त्या दिवशी ते विकत असतात. ‘उद्या हे उडणार’ असं सांगणाऱ्या गटांचंही तेच: त्यांचा माल आधीच भरलेला असतो आणि गिऱ्हाईक तुम्ही असता.

बाँड ‘गुंतवणूक’ म्हणून

बाँड म्हणजे मेंबरशिप (खेळाचं सशुल्क सदस्यत्व) मिळवून देणारी वस्तू. तिला विक्रीकर नाही हे खरं. पण एक्सचेंजवरून घेतलेला बाँड तसाच परत विकता येत नाही. विकण्याजोगा करायला गाइड प्राइसच्या 10 टक्के जीपी मोजावे लागतात. 14 दिवसांची मेंबरशिप हवी असेल तेव्हाच घ्या.