सीजे-३बी जीपचा क्लच थरथरतो: आधी काय तपासायचं आणि उघडल्यावर काय बघायचं

पहिला किंवा रिव्हर्स टाकून क्लच सोडताना गाडी गदगदा हलते आणि पेडल पूर्ण सुटलं की शांत होते, ही क्लच थरथरण्याची खूण. चालू गाडीत चढावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तो स्लिप. त्याचा इलाज वेगळा. इथे १९५३ साली विलिजने आणलेली आणि पुढे महिंद्राने मुंबईत बनवलेली पेट्रोल सीजे-३बी धरली आहे.

थरथर सुरू झाली की थेट गिअरबॉक्स उतरवायला घेऊ नका. या जीपमध्ये पेडलची यंत्रणा एका बाजूने चासीला आणि दुसऱ्या बाजूने बेल हाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं घर) टेकलेली असते. इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगचं रबर दबून गेलं असेल, तर क्लच पकडताना इंजिन सरकतं, सरकताना यंत्रणा ओढतं, क्लच किंचित सुटतो, इंजिन मागे येतं, क्लच पुन्हा पकडतो. हे सेकंदात कितीतरी वेळा घडतं. अशा वेळी नवी क्लच प्लेट टाकूनही थरथर तशीच राहते.

म्हणून पहिली तपासणी बाहेरूनच. चाकांना अडण लावा, बॉनेट उघडा आणि मदतनीसाला पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडायला सांगा. तुम्ही गाडीच्या बाजूला उभं राहून इंजिन बघा, समोर उभे राहू नका. इंजिन उचललं किंवा पुढेमागे सरकलं, तर पुढची दोन्ही आणि मागचं अशी सगळी माउंटिंग एकदमच बदला. मग इंजिन बंद करून खाली इंजिन स्टे केबल बघा. इंजिन पुढेमागे सरकू नये म्हणून ती क्रॉस मेंबरला बांधलेली असते. बऱ्याच जुन्या जीपमध्ये ती गायबच असते. ढील जाईल इतकीच ताणा, इंजिन खेचून धरेल इतकी नको. स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉसही हलवून बघा. पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटायला लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल) साधारण २५ मिमी ठेवा.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जीपमध्ये फ्लायव्हीलवर (इंजिनमागचं जड चाक, ज्यावर क्लच पकडतो) गंजाचा पातळ थर येतो. तो पंचवीस-तीस वेळा हळू क्लच सोडत गाडी जागेवरून हलवल्यावर निघून जातो, त्यासाठी काही उघडू नका.

बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकातून तेल ठिबकत असेल, तर मात्र उघडावंच लागेल. थेंब बोटावर घेऊन वास घ्या. गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, नाहीतर इंजिनच्या मागच्या मेन बेअरिंगचं पॅकिंग गळतंय. गिअर ऑइल असेल तर आधी पातळी बघा. जास्त भरलेलं तेल क्लच शाफ्टवरून (गिअरबॉक्समधून क्लचमध्ये जाणारा दांडा) पुढे येतं. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. इंजिन तापलं की लायनिंगमधलं (प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर) तेल पुन्हा वर येतं. गळती थांबवा आणि प्लेट बदला.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्र खाली येतात, वजन भरपूर असतं. गाडी स्टँडवर घ्या, ऑइल पॅनखाली लाकूड ठेवून जॅकने इंजिनला आधार द्या. प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी तबकडी) बोल्ट समोरासमोरचे, एकेक फेरा असे सैल करा. एक बाजू आधी सुटली तर कव्हर वाकतं. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग दिसले, तर तिथलं लोखंड कडक झालेलं असतं. पॉलिश पेपरने ते जात नाहीत, ग्राइंडिंगच लागतं. डायल गेजने फ्लायव्हीलचा डगमग मोजा, ०.२ मिमीच्या वर नको. प्रेशर प्लेटची तिन्ही फिंगर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे छोटे दांडे) एका पातळीत हवीत, ०.४ मिमीच्या आत. एक फिंगर उंच राहिलं की प्लेट तिरकी पकडते.

प्लेट घेताना दोन लायनिंगमधल्या लहरदार पत्र्याकडे बघा. कडेला दाबलं तर तो किंचित दबायला हवा. हीच क्लचची गादी. स्थानिक रिलायनिंगमध्ये हा पत्रा सपाट झालेला असला, तर नवं लायनिंगसुद्धा झटका देतं.

बसवताना जुना क्लच शाफ्ट घालून प्लेट मध्यावर आणा. शाफ्टच्या खाचांवर (स्प्लाइन) ग्रीसचा पुसट हात पुरे, जास्तीचं उडून लायनिंगवर जातं. सगळ्यात मोठी चूक होते ती इथेच: गिअरबॉक्स अर्धवट आत जातो आणि हात थकले म्हणून तो क्षणभर क्लच शाफ्टवर लोंबकळत सोडला जातो. तेवढ्याने नव्या प्लेटचा मधला पत्रा वाकतो. हे टाळायला बेल हाउसिंगच्या बाजूने दोन लांब स्टड लावा आणि त्यांवरून गिअरबॉक्स सरकवा. बोल्ट आवळून त्याला ओढून घेऊ नका. अडला तर मागे घ्या, प्लेट पुन्हा मध्यावर आणा.

शेवटी फ्री प्ले पुन्हा लावा. पहिले ३०० किमी क्लच अर्धा दाबून गाडी चढावर धरू नका. तेवढ्यात लायनिंग पूर्ण बसतं आणि सुरुवातीची हलकी थरथर जाते.