नियोजित वसाहतीला पाणी किती लागेल? हिशेब सर्वांत कोरड्या महिन्याचा मांडा

वसाहतीचा आराखडा काढताना रस्ते, प्लॉट, बागेची जागा हे सगळे बारकाईने ठरते आणि पाण्यापुढे एकच ओळ पडते: 'बोअरवेल घेणे'. पुढची सगळी भांडणे या ओळीतून सुरू होतात. हिशेब अवघड नाही, पण तो वर्षाच्या सरासरीवर करून चालत नाही. बागेला सर्वांत जास्त पाणी ज्या महिन्यात लागते, नेमकी त्याच सुमारास विहिरीची पातळी तळाला गेलेली असते. म्हणून प्रत्येक आकडा त्या महिन्याचा धरा.

पायरी 1 : घरगुती गरज

आज किती घरे विकली जातील हे न पाहता सगळी घरे भरली असे समजा. तुमच्याकडे लागू असलेले दरडोई मानक घ्या; भारतात सांडपाणी वाहिन्या असलेल्या शहरांसाठी ते दिवसाला 135 लिटर आहे. 120 घरे आणि घरात सरासरी 5 माणसे धरली, तर 600 × 135 म्हणजे 81,000 लिटर. गळती 15 टक्के धरली तर 81,000 ला 0.85 ने भागा. रोज सुमारे 95,300 लिटर पुरवावे लागतील. आग विझवण्यासाठीचा राखीव साठा स्थानिक नियमाप्रमाणे वेगळा ठेवा, तो रोजच्या हिशेबात मिसळू नका.

पायरी 2 : बागेची गरज

अंदाज सर्वांत जास्त चुकतो तो इथे, कारण 'एकराला इतके पाणी' असा ठोकळ आकडा लावला जातो. त्याऐवजी जवळच्या हवामान केंद्राकडून त्या महिन्याचे संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन घ्या. जमिनीतून आणि पानांतून मिळून दिवसाला किती मिलिमीटर पाणी उडून जाते, ते हा आकडा सांगतो. मिलिमीटरचा फायदा असा की 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर म्हणजे बरोबर 1 लिटर.

समजा तो आकडा 7 मिलिमीटर आहे आणि बाग 1 हेक्टरची आहे. त्यातली 3,000 चौरस मीटर हिरवळ आहे, 7,000 चौरस मीटरवर काटक झुडपे आहेत. हिरवळीचा गुणांक, म्हणजे त्या आकड्याच्या किती पट पाणी तिला लागते ते प्रमाण, 0.8 धरला तर 7 × 0.8 × 3,000 म्हणजे 16,800 लिटर. तुषार सिंचनाची कार्यक्षमता 75 टक्के धरून भागले की 22,400. झुडपांचा गुणांक 0.4 आणि ठिबकची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर सुमारे 21,800. एकूण रोज 44,200 लिटर.

हीच सगळी जागा हिरवळीची केली तर गरज जवळपास 74,700 लिटरवर जाते. बागेचे चित्र छान दिसते म्हणून मंजूर करण्यापूर्वी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पावसाळी महिन्यांत यातून पाऊस वजा करता येतो, पण सगळा नाही. वाहून जाणारा आणि मुळांखाली झिरपणारा पाऊस झाडाच्या उपयोगाचा नसतो.

पायरी 3 : स्रोत तपासा

आता दिवसाची मागणी सुमारे 1,39,500 लिटर झाली. पंप 16 तास चालवला तर तासाला 8,700 लिटर उपसा हवा. उपसा चाचणी कोरड्या हंगामाच्या शेवटी करा आणि किमान 24 तास चालू द्या. पाणी किती पडते यापेक्षा पातळी कुठे स्थिरावते आणि पंप बंद केल्यावर किती वेळात पूर्ववत होते, ते लिहून ठेवा. पहिल्या तासाचा जोरदार प्रवाह हा बहुतेक वेळा साठलेल्या पाण्याचा असतो. याच वेळी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. क्षार जास्त असतील तर झाडांची निवडही बदलावी लागते.

पायरी 4 : पुनर्वापर आणि साठवण

घरात वापरलेल्या पाण्यातले साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत येते. आपल्या उदाहरणात ते 64,800 लिटर, म्हणजे बाग भागून उरेल इतके. प्रक्रिया केंद्र आणि बागेसाठी वेगळी नळयोजना हवीच. मात्र एक गोष्ट आराखड्यात हमखास सुटते. नव्या रोपांना पहिली एक-दोन वर्षे पाणी नियमित लागते, आणि त्याच काळात घरे रिकामी असल्याने सांडपाणी नसते. तेवढ्या काळाची सोय आधी करा, किंवा लागवड घरे भरतील तशी टप्प्याटप्प्याने करा.

पावसाचे पाणी साठवून बाग भागवायची तर आकारही पाहा. वरच्या बागेला 30 दिवस पुरणारे पाणी म्हणजे सुमारे 1,326 घनमीटर, 3 मीटर खोलीच्या तळ्याला निदान 440 चौरस मीटर जागा. उघड्या तळ्यातून वाफ होऊन जाणारे पाणी धरून ती आणखी वाढवा.

मुख्य नळाचा व्यास सरासरी प्रवाहावर ठरवू नका. सकाळच्या तासाला मागणी सरासरीच्या दोन-तीन पट होते.

पायरी 5 : ताळमेळ

उपलब्ध पाणी मागणीपेक्षा कमी पडत असेल तर काटछाट या क्रमाने करा: आधी हिरवळ, मग गळती, मग पुनर्वापर वाढवा. तरीही जमत नसेल तर घरांची संख्या कमी करा. टँकरच्या भरवशावर आराखडा मंजुरीला पाठवू नका.